लेंडीखतातले काळे दाणे

दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकण्याआधी तार्सिला सांगाय ही बाई आपल्या चपला धुवायची. रोज, न चुकता. टायर कापून केलेल्या त्या जड चपला काढायच्या, वाटेवरच्या पाटात बुडवायच्या, तळाच्या खाचांत अडकलेली माती काडीने कोरायची आणि ओल्याच चपला पायात सरकवून बांध ओलांडायचा. परतताना पुन्हा तेच. तिच्या शेजारणीचा, एर्मिलाचा नवरा मेलानियो कुंपणावर कोपर टेकून विचारायचा, शेतात चाललीस की चर्चात मिस्साला? ती मान वर न करता सांगायची, मिस्साला जाताना मी एवढं धूत नाही, तिथे काही उगवत नाही.

ही सवय तिला पन्नाशी ओलांडल्यावर लागली. त्याआधीची तार्सिला चिखलाच्या पायांनी अख्खं उचूपंपा गाव पालथं घालणारी बाई होती. पायाला भिंगरी आणि बोटांना विणकाम. चालता चालतासुद्धा तिच्या हातात गवताच्या काड्या असायच्या आणि सेलेंदिनच्या रविवारच्या बाजारासाठी एखादी टोपी आकार घेत असायची. बसून विणणाऱ्या बायका तिला आजारी वाटायच्या. नवरा खेचरं हाकायचा. खालच्या मोठ्या नदीपलीकडे गेला आणि तिकडेच तापाने गेला. ती बातमी आली तेव्हाही ती दारात बसून रडली नाही, सरी ओढत रडली. मूलबाळ नव्हतं. होता तो राकाचा, शेतातला कंद.

तिचा राकाचा पिवळाजर्द. गाजराहून जाड, उकडला की दाताला कष्टच नाहीत. पाला चुरगळला की बोटांना कितीतरी वेळ ओव्यासारखा वास येत राहायचा. हे वाण तिच्या आईचं, आईला तिच्या आईकडून आलेलं. राकाचा बी पेरून येत नाही. खणून काढला की मुळांच्या वर गड्डा राहतो, गड्ड्यावर कोंबांची दाटी असते. ते कोंब एकेक करून सुरीने कापायचे, जखम सुकेपर्यंत सावलीत ठेवायचे, मग लावायचे. गावात कोणाचंही नवं शेत, नवा संसार असो, पिवळ्या राकाच्याचे कोंब तार्सिलाकडूनच न्यायचे असा रिवाज पडला होता. कोंब विकायचे नसतात. घेणारीने चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, तांब्या आणायचा आणि देणारीने कोंबांबरोबर आपल्या स्वयंपाकघरातलं टोपलीभर लेंडीखत द्यायचं. चुलीभोवती हुंदडणाऱ्या कुयांच्या, म्हणजे गिनीपिगांच्या, लेंड्यांचं खत. ते नव्या जागी कोंबाच्या बुडाशी घातलं की त्याला परकं वाटत नाही, माहेरची माती मिळते, असं बायका म्हणत. तार्सिलाचे कुय गुबगुबीत आणि खत काळंभोर. तिला कोंबांपेक्षा खताचाच जरा जास्त अभिमान होता.

एर्मिलाची आणि तिची मैत्री लहानपणापासूनची. एर्मिलाची लेक नेलिदा हिची ती धर्ममाता झाली, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या. भांडायच्याही त्याच नावाने. आदल्या लावणीला एर्मिलाने खालच्या वाफ्यासाठी तिच्याकडून कोंब नेले होते, टोपलीसकट.

तार्सिलाने पन्नाशी ओलांडली त्या वर्षी, पीक काढणीला यायच्या आतच एर्मिलाचा वाफा पिवळा पडायला लागला. आधी कडेचा, मग मधला. पानं दुपारी मान टाकायची, संध्याकाळी उचलायची, आणि एके दिवशी उचलायची नाहीत. धरून ओढलं की झाड हातात यायचं आणि गड्डा जमिनीतच राहायचा, मऊ, पाणी सुटलेला. त्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी पसरलेलं आणि कापसात काळे दाणे.

"उंदीर," एर्मिला म्हणाली. "खाऊन वर हगूनही गेलेत."

पण उंदरांनी एवढा वाफा कसा मारावा, हे तिलाही पटेना. मग तिने नवऱ्याला धरलं. मेलानियोने त्या वर्षी बाजारातून पांढऱ्या पोत्यातलं खत आणून गुपचूप वाफ्यात टाकलं होतं. तेवढं पुरलं. त्या दिवसापासून सूप कडू झालं तरी पोतं, मेंढी लंगडली तरी पोतं. त्याने पाव्हण्यांसमोर तोंड उघडलं की ती म्हणायची, हे आमचे पोतेवाले. मेलानियो गरीब माणूस. टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचा.

तार्सिला हे सगळं ऐकायची, हसायचीही. पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती. तिच्या स्वतःच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात, खडकाच्या सावलीत काही झाडांनी मान टाकली होती. तिने ती उपटली. गड्डे मऊ लागले. थंडी लागली असेल, ती स्वतःशीच म्हणाली. उचूपंपात पिकाला काहीही झालं की थंडीच लागलेली असते. पाला आणि नासके गड्डे तिने घरी आणून कुयांपुढे टाकले, तिची आई टाकायची तसे, सगळ्याच टाकतात तसे. वाया घालवायचं कशाला? कुयांनी फडशा पाडला. शेतात उरलेल्या मोकळ्या खळग्यांत तिने माती ओढली आणि वरून पायाने दाबली. तिथून जाताना पुढचे काही दिवस ती नजर दुसरीकडे ठेवायची.

पुढे आणखी दोन घरांतून तशीच बातमी आली. दोघींनीही कोंब तिच्याकडूनच नेले होते. त्या तिच्याकडे तक्रार घेऊन नाही, सल्ला विचारायला आल्या, आणि हेच तिला जास्त जाचलं. तिने राख टाका म्हणून सांगितलं. राख टाकून काही झालं नाही.

तिची झोप उडाली. पहाटे उठून ती शेताला वळसा घालायची, परत यायची, पाणी तापत ठेवायची आणि ते उकळायच्या आत पुन्हा शेताकडे निघायची. विणायला घेतलेली टोपी कडेला येऊन वाकडी व्हायची. ती उसवायची, पुन्हा विणायची. बाजारातल्या टोपीवाल्याने एकदा तिची टोपी फिरवून पाहिली आणि विचारलं की ही डोक्यासाठी आहे की भोपळ्यासाठी. तिने टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि न विकताच घरी आली.

अशात नोएमी बार्दालेस वर आली. सेलेंदिनची पोरगी, पिकांच्या रोगांचं शिकून आलेली, सगळे तिला इंजिनियरबाई म्हणायचे. एर्मिलाच्या वाफ्यात ती बराच वेळ उकिडवी बसून होती. मग तिने एक काळा दाणा नखावर घेतला आणि दुसऱ्या नखाने फोडला. आतून तो पांढरा निघाला, खोबऱ्यासारखा.

उंदराची लेंडी अशी नसते, ती शांतपणे म्हणाली. ही बुरशी आहे. कापूस दिसतो ते तिचं शरीर, आणि हे दाणे म्हणजे तिने पुढच्या दिवसांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. झाड मरतं, कापूस वाळतो, दाणा मातीत झोपून राहतो. वर्षानुवर्षं. गारवा आणि ओल मिळाली की उठतो.

एर्मिलाने विचारलं, पोत्यातल्या खताने होतं का हे? नोएमी म्हणाली, नाही. मेलानियो कुंपणापाशी उभा होता. त्याने टोपी जराशी मागे सारली.

"मग आलं कुठून?"

"तेच शोधायचंय. कोंब कुठून आणले होते?"

"हिच्याकडून, माझ्या कोमाद्रेकडून," एर्मिला म्हणाली आणि तिने तार्सिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "पण हिचं शेत बघा तुम्ही. एक पान पिवळं सापडायचं नाही."

खांद्यावरचा हात तार्सिलाला ओल्या पोत्यासारखा जड झाला. खडकाजवळचे दाबलेले खळगे तिच्या डोळ्यांसमोर होते. एवढंच म्हणायचं होतं की माझीही काही मेली. वाक्य लहान होतं, आणि ते बोलायची वेळ तिच्यासमोरून निघून गेली.

खाली उतरताना नोएमी तिच्या दाराशी थांबली, मका खाल्ला, कुयांना न्याहाळलं. तुम्ही गावाला कोंब देता तर एकदा तपासून घ्या, ती म्हणाली. दिसायला निरोगी असतो, तरी कधीकधी गड्ड्याच्या पोटात बुरशी लपलेली असते. मग तिने रीत सांगितली. काचेची बरणी उकळून घ्यायची, तळाशी ओलं फडकं, त्यावर कोंबाच्या बुडाची चकती. झाकण अर्धवट लावून गार जागी ठेवायची. बुरशी असेल तर ती स्वतःच बाहेर येईल, तिला बोलवावं लागत नाही.

"आणि आली तर?" तार्सिलाने विचारलं.

"तर ते कोंब कोणाला देऊ नका. आणि मला सांगा."

देऊ नका म्हणणं सोपं होतं. नेलिदाच्या मुलीचा, लिस्बेतचा, पहिले केस कापायचा सोहळा ठरला होता, आणि पहिली बट कापायचा मान तार्सिलाचा. बट कापणाऱ्याने मुलीच्या घराला काहीतरी द्यायचं असतं. तार्सिला काय देणार हे कोणी विचारलंही नव्हतं. नेलिदा आणि तिच्या नवऱ्याने डोंगराच्या पलीकडच्या उतारावर नवी जमीन नांगरून ठेवली होती, सरी ओढून झाली होती. येता-जाता नेलिदा आपल्या धर्ममातेला म्हणायची, माद्रिना, तुमच्या कोंबांची वाट बघतेय माझी माती. आमचं सगळं वर्ष त्यावर आहे.

तार्सिलाने बरणी देवाच्या तसबिरीमागे ठेवली. दिवसातून किती वेळा तिने तसबीर सरकवली, त्याला गणती नाही. चकती तशीच, स्वच्छ, पिवळी. तिचा जीव हळूहळू थाऱ्यावर यायला लागला. मग एका सकाळी चकतीच्या कडेला श्वासाची वाफ धरावी तसं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी तो कापूस होता. पुढे कापसात गाठी झाल्या, गाठींवर घामासारखे पारदर्शक थेंब उभे राहिले, आणि गाठी काळ्या पडत गेल्या. सुंदर होतं ते, आणि तिने तसबीर घाईने पुढे ओढली.

बरणी नीट उकळली नसेल, तिने ठरवलं. पुन्हा उकळली, दुसरी चकती ठेवली, आणखी एका बरणीत तिसरी. एकीत काहीच आलं नाही, दुसरीत आलं. म्हणजे शेत अर्धं निरोगी, अर्धं नाही, आणि वरून कळायला मार्ग नाही. पण तिला सर्वात जास्त कुरतडत होतं ते वेगळंच. आईच्या काळापासून जे शेत नासलं नाही, त्यात हे पसरलं कसं? खडकाजवळचं ती समजू शकत होती. खालच्या टोकाचं कसं?

चुलीभोवतालचं झाडताना ते तिला कळलं. कुयांच्या लेंड्यांचा ढीग तिने नेहमीसारखा कोपऱ्यात लोटला, आणि त्यात एक दाणा केरसुणीपुढे टणटणत गेला. लेंडी टणटणत नाही. तिने तो उचलला, नखाने दाबला. फुटेना. दातांत धरून फोडला. आतून पांढरा.

केरसुणी तिथेच टाकून ती खाली बसली. एकेक लेंडी बोटांत घेऊन चुरायला लागली. लेंडी चुरली की गवताचा भुसा व्हायची. दहाबारा भुसे, मग एक टणक. पुन्हा भुसे, पुन्हा एक. चूल विझली तरी तिला कळलं नाही. कुय तिच्या पायांवरून पळत होते, कुई कुई करत होते. नासके गड्डे तिनेच त्यांना घातले होते. त्यांच्या पोटातून दाणे जसेच्या तसे बाहेर आले होते, आणि तिने ते खत म्हणून आपल्या शेतभर पसरलं होतं. कोंबांच्या सोबत टोपली भरभरून दिलं होतं, नव्या जागी परकं वाटू नये म्हणून. त्या वर्षीच नव्हे. आदल्या वर्षीही एकदोन गड्डे नासले होते. तेही तिने कुयांनाच घातले होते.

सोहळ्याच्या दिवशी नेलिदाचं अंगण माणसांनी भरलं. हार्प आणि व्हायोलिन होतं, कुय भाजले होते, चिचाचे माठ होते. लिस्बेतला खुर्चीवर बसवलं होतं, केसांच्या जटांना रिबिनी बांधून. तार्सिला आली ती एक मेंढी घेऊन. पाठीवर कोंबांची मोळी नव्हती, हातात टोपली नव्हती. नेलिदाने तिच्यामागे वाटेवर पाहिलं, की कोणी ओझं घेऊन येतंय का.

तार्सिलाने कात्री घेतली, पहिली बट कापली, ताटलीत ठेवली. मेंढीची दोरी नेलिदाच्या हातात दिली. मग तिथेच, मुलीच्या खुर्चीजवळ उभी राहून तिने सांगून टाकलं. मोठ्याने नाही, पण व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या कोंबांत रोग आहे. माझ्या खतातही आहे. तुमच्या शेतांत तो माझ्या टोपलीतून गेला. उद्या मी माझं सगळं शेत खणून जाळणार आहे. ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांनी राकाचा तिथे पुन्हा लावू नका, वाटाणा नको, घेवडाही नको. नुसता मका लावा, नाहीतर सातू, इंजिनियरबाईंकडे जाऊन मी विचारून आलेय.

मग एर्मिला नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे मी याला वर्षभर फुकट शिव्या घातल्या?"

"परत घेऊ नकोस," मेलानियो म्हणाला. "पुढच्या वर्षाला राहू देत."

लोक हसले, आणि तार्सिलाला वाटलं की निभावलं. पण एर्मिला हसली नव्हती. तिने तार्सिलाला अंगणाच्या कडेला नेलं.

"त्या दिवशी तुला ठाऊक होतं? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा?"

"खताचं नव्हतं ठाऊक. माझीही काही मेलीत, एवढं ठाऊक होतं."

"आणि तू मला इंजिनियरबाईंपुढे तुझं कौतुक करू दिलंस."

एर्मिला आत गेली आणि सोहळा संपेपर्यंत वाढायलाही बाहेर आली नाही.

शेत खणायला तार्सिलाला कोणाला बोलवावं लागलं नाही. नेलिदाचा नवरा आला, मेलानियो आला, ज्यांचे वाफे नासले होते त्या बायकाही आल्या. एर्मिला नाही आली. निरोगी मुळं त्यांनी उकडून खाल्ली, गड्डे आणि पाला ढीग करून जाळला. ओला पाला जळेना, नुसता धुमसत राहिला, आणि त्या ओव्यासारख्या वासाने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. खताचा ढीग खोल खड्ड्यात गेला, वर चुना. आईचं वाण होतं ते. तार्सिला काठी घेऊन ढिगाभोवती फेऱ्या घालत राहिली, अर्धवट जळलेलं आत ढकलत. बस म्हटलं तरी बसेना.

पुढची लावणी आली तेव्हा नेलिदाच्या जमिनीत मका होता. तार्सिला डोंगर उतरून, नदी ओलांडून, पलीकडच्या गावातल्या एका अनोळखी बाईकडे चिचाचा तांब्या घेऊन गेली आणि कोंब मागितले. ते पांढऱ्या वाणाचे निघाले, त्याची मुळं तिच्या पिवळ्यासारखी गोड नव्हती. त्या बाईने रिवाजाप्रमाणे टोपलीभर खतही पुढे केलं. तार्सिलाने ते नाकारलं तेव्हा ती बाई दुखावली, आणि तार्सिलाला तिथे बसून सगळी कथा सांगावी लागली. परतल्यावर तिने प्रत्येक कोंबाची चकती बरणीत ठेवली, वाट पाहिली आणि मगच काही कोंब नेलिदाच्या वरच्या तुकड्यात, जिथे कोणी काही लावलं नव्हतं, तिथे लावले. त्यानंतर उचूपंपात बरणीशिवाय कोंब कोणी दिले नाहीत. बायका कुरकुरल्या, बरण्या मात्र उकळल्या.

एर्मिला वाटेत भेटली तर बोलायची, पण हवापाण्याचं. कोमाद्रे म्हणायची नाही, दोन्या तार्सिला म्हणायची, परक्या बाईला म्हणावं तसं. तार्सिला तिच्या कुंपणावरून रोज दोनदा जायची, काम असो नसो. कधी थांबायची, टोपी विणल्याचं निमित्त करून. आतून हाक यायची नाही. ती पुढे निघायची. अशी वर्षं गेली, आणि त्या वर्षांत तिचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरू लागले. चालणं मात्र थांबलं नाही.

मग एका काढणीच्या वेळी एर्मिला आपणहून तिच्या दारात आली. हातात काहीच नव्हतं. खालच्या वाफ्यातली माती इंजिनियरबाईंनी नेऊन चाळली, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. दाणा सापडला नाही. आणखी एक वर्ष मका लावते, मग बघू. बोलून झाल्यावर ती जायला वळली आणि वळता वळता म्हणाली, तुझ्या चुलीचा धूर दाराकडे येतोय, कोमाद्रे, धुराडं कधी साफ केलंस? आणि आत येऊन तिनेच ते साफ करायला घेतलं. तार्सिला तिच्यामागे उभी राहून सूचना देत राहिली. दोघींची तोंडं काजळली.

शेवटच्या पावसाळ्यात तार्सिलाच्या छातीत कफ साठला. वैद्याचं झालं, खालच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. अंथरुणावर पडून राहणं हा तिला आजारापेक्षा मोठा त्रास होता. पांघरुणाखाली पाय हलत असायचे. एर्मिला रोज सकाळी यायची, हिरवं सूप पाजायची, गावातल्या भानगडी सांगायची. त्या दिवशी ती डोक्याला फडकं बांधून, हातात सुरी घेऊन आली. खालच्या वाफ्यात आज राकाचा लावतोय, ती म्हणाली. नेलिदाचे कोंब आहेत, चकत्या स्वच्छ निघाल्यात. मेलानियो सरी ओढतोय, वाकडी ओढतोय. एवढं सांगून ती खाटेच्या कडेला बसली, आणि तिला उठवेना.

तार्सिलाने तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून येणाऱ्या उजेडाकडे.

"मग इथे बसलीस काय? ऊन चढलं की कोंब सुकतील. जा. आणि दार लोटून घे, कोमाद्रे, कोंबड्या शिरतात."